केळीच्या पानाचं घड्याळ

जीवराम नानांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक घड्याळाच्या पितळी बैठकीला टेकवलं आणि डोळे मिटले. धुळ्याच्या त्या प्रशस्त दिवाणखान्यात सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“हे काय चाललंय?” भूपेंद्रने विचारलं. घड्याळ त्याने हौसेने घेतलेलं, त्यामुळे वैतागही त्याचाच.

“सवय आहे त्यांची,” मोनाली म्हणाली. “ठोके ऐकतात.”

कानांनी आताशा नानांना जेमतेमच ऐकू यायचं. दातांतून हाडांत उतरलेला ठोका मात्र ते अजून अचूक ओळखत. कान मंदावल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. जळगावात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर दोन वर्षांपूर्वी मोनालीने त्यांना आपल्या कारखान्यात आणलं. ती टेबलावरच्या चावीच्या घड्याळांची रूपं रेखाटायची, नाना आतली यंत्रं जुळवायचे. वर्षाला बाराच घड्याळं, पण एकासारखं दुसरं नाही. हे केळीच्या पानाचं होतं. पितळेच्या पत्र्यात एकेक शीर कोरलेली आणि शिरांमधल्या फटींतून आतली चाकं फिरताना दिसायची. नानांनी आतून काच बसवण्याचा हट्ट धरला होता. “काच आली की सगळा जीवच जातो त्यातला,” म्हणून मोनालीने तो उडवून लावला होता.

आणि आता महिन्याभरात घड्याळ तीनदा बंद पडलं होतं. गेल्या आठवड्यात तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं, “पुण्याचा एक जण जुळणीला यायला तयार आहे. तुम्हाला ठोके नीट ऐकू येतात ना, नाना?” नाना हसले होते, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला. बायको गेलेली, दुकान सोडलेलं. सकाळी उठून जायला ते एक टेबल तेवढं उरलं होतं. आज दोष जुळणीचा निघाला की तेही जाणार होतं.

त्यांनी चावी जराशी फिरवली. चार ठोके पडले, पाचवा अडला. नानांनी भिंग डोळ्याला लावून चिमटा आत घातला. खालच्या चाकाच्या दात्यांत तांदळाचा एक दाणा रुतला होता. कुंकवाने लाल झालेला.

त्यांनी मान वर केली. आतल्या दाराशी भूपेंद्रची आई, लताबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. बोटावर सकाळच्या पूजेचं कुंकू तसंच होतं.

“आईला शंभरदा बजावलंय, हात लावू नकोस म्हणून,” भूपेंद्र मोठ्याने म्हणाला. “तिने काही केलं असेल तर स्पष्ट सांगा.”

दाणा चिमट्यातून नानांच्या तळहातावर आला आणि मूठ खिशात गेली.

“त्यांनी काही केलं नाही,” नाना म्हणाले. “माझ्याच हातून राहिलं. एक स्क्रू ढिला होता.”

मोनालीकडे न बघता त्यांनी चाकं ब्रशने झाडली, चावी दिली. घड्याळ चालू लागलं.

भूपेंद्र फोन घ्यायला बाहेर गेला. लताबाईंनी चहाचा कप नानांपुढे ठेवला आणि वाकून हळूच म्हणाल्या,

“नवी वस्तू घरमा उनी, नाना. कुकू-तांदूळ लावाशिवाय कशी ठेवू? पोऱ्याले सांगू नका.”

“साखर बराबर शे, अक्का,” नाना हसून म्हणाले.

लताबाई गोंधळल्या. शेजारी बसलेल्या मोनालीचा कप तोंडाशी नेता नेता थांबला.

परतीच्या वाटेवर पारोळा आलं, गेलं. उद्या मोनालीने सांगण्याआधी आपणच निरोप घ्यावा, एवढं नानांनी ठरवून टाकलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, पण त्या दाण्याबद्दल नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली हत्यारं गोळा करायला आले. भिंग पिशवीत टाकलं, चिमटे रुमालात गुंडाळले. मग टेबलावरच्या कागदाकडे लक्ष गेलं. तेच केळीचं पान, पण त्यामागे आता काचेची रेघ होती. देठापाशी बोटाचं टोक मावेल एवढी पितळी वाटी काढली होती आणि बाजूला मोनालीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कुंकवासाठी’.

मोनाली आली. दोन वर्षं ती दारातूनच “नाना, चहा!” म्हणून हाक मारायची. आज तिने हाक मारली नाही. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्यासमोर आली, त्यांनी वर बघेपर्यंत थांबली आणि मग सावकाश बोलली.

“काच कशी बसवायची, नाना?”

नानांनी पिशवीतून भिंग बाहेर काढलं.