ओल्या बाईचा सिनेमा

"आता येईल," मिस्त्री मनाशी म्हणाले. त्यांनी मशीनची सुटी शटल टेबलावर ठेवली, तेलकट बोटं फडक्याला पुसली आणि सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले. डावा हात बायकोच्या बाजूला सहज पडल्यासारखा ठेवला.

टीव्हीवरच्या सिनेमात दिवा फडफडला आणि विझला. तिथल्या कपाटाच्या आरशात ती बाई उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं, डोळे नुसते पांढरे. "आई गं!" म्हणून बायकोने मिस्त्रींचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. तिची पाचावर धारण बसली होती आणि मिस्त्रींनी मात्र सुखाने डोळे मिटून घेतले होते.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. गेल्या दीड वर्षापासून बायकोही म्हणायला लागली होती आणि ती काही थट्टेने म्हणत नव्हती. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. त्यात नवऱ्याचा नंबर जरा लवकरच लागला. रोज घरात एक माणूस टेबलाशी बसून मशीन खोलतो, त्याअर्थी तो दुरुस्तीलाच आलेला असणार, असा तिने हिशेब मांडला. आता गणिताच्या बाईंचा हिशेब कोण खोडणार! परक्या पुरुषाला ती केस विंचरू देत नसे, हाताला धरून चालवू देत नसे. आंघोळ घालायला सकाळी एक बाई येऊन जाई. बाकी दिवसभर नवरा-बायको एका खोलीत आणि मधे हातभर अंतर.

हा सिनेमा दोघांनी लग्नाआधी थिएटरात पाहिला होता. मुख्याध्यापकांनाही न घाबरणाऱ्या मुलीने तेव्हा आरशातल्या बाईला पाहून पहिल्यांदा त्यांचा हात धरला होता. अलीकडे त्यांच्या लेकीने तो पेन ड्राइव्हवर आणून दिला, आणि इतक्या वर्षांनी त्याच ठिकाणी तसाच हात धरला गेला. मिस्त्रींना रडू आलं.

तसा सिनेमा काही फार थोर नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी बुडून मेलेली बाई, आणि तिच्या झग्याला चक्क आजच्या मशीनवरची इंटरलॉकची शिलाई! मिस्त्रींच्या नजरेतून ती सुटणं शक्यच नव्हतं. पण त्यांना ते भूत आवडायचं. ते कुणाचा गळा दाबत नाही, रक्त पीत नाही. संध्याकाळ झाली की आपल्या घरी येतं, आणि घरातले त्याला ओळखत नाहीत, ओरडत सुटतात. अलीकडे तर त्यांना त्या बाईची फारच कणव यायची. आपल्याच घरात येऊन उभं राहायचं आणि कुणी ओळखायचं नाही, म्हणजे काय ते त्यांना आता कळत होतं.

पण आरशातली बाई यायला बावन्न मिनिटं लागत. मिस्त्रींचा हात कारागिराचा. टाका कुठे सुटतो ते कळलं की ते सगळा कपडा शिवत बसत नसत, चिंधीवर तेवढीच शिलाई मारून बघत. इथेही त्यांनी तेच केलं. आधीचा सिनेमा पळवायचा आणि दिवा फडफडण्यापासून लावायचा. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा, मग चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. बायकोला दर वेळी तो नवाच असे.

रविवारी दुपारी मुलगी आली, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी होती.

"आत चल ना आई, चहा करू."

"नको. तिथे कुणीतरी आहे."

"कोण आहे?"

"ते माहीत नाही गं. पण आहे."

मुलीने घरभर नजर फिरवली. कपाटाच्या आरशावर टॉवेल अडकवलेला होता. बेसिनवरचा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"बाबा, तुम्ही तिला काय दाखवताय?"

मिस्त्रींनी सांगून टाकलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"अहो, तुम्हाला काही वाटतं का? आजारी बाईला रोज घाबरवताय?"

"पाच मिनिटांत विसरते गं ती."

"सिनेमा विसरते. भीती नाही विसरत, बाबा."

मिस्त्रींनी आरशावरचा टॉवेल उगाच सारखा केला. मग म्हणाले, "ती तेवढ्यापुरता हात धरते. एरवी जवळ बसू देत नाही."

भांडायला सरसावलेली मुलगी तशीच मागे वळली. ती मोरीत जाऊन धुतलेलेच कप पुन्हा धूत बसली. ती निघाली तेव्हा मिस्त्रींनी पेन ड्राइव्ह काढला आणि तिच्या पर्समध्ये टाकला.

"घेऊन जा. इथे राहिला तर माझा मला भरवसा नाही."

भीती उतरायला तीन आठवडे लागले. एके दिवशी बायकोने आपणच टॉवेल काढला, आरशात बघून केस सारखे केले. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. टीव्ही आता बंदच असे. दुपारी ती सोफ्यावर, ते टेबलाशी. कधीकधी त्यांचा डावा हात उगाच जड वाटायचा, मग ते तो मशीनच्या चाकावर ठेवायचे.

अशाच एका दुपारी ते शेवटचा स्क्रू पिळत होते. बायको उठून टेबलाजवळ आली.

"मिस्त्री, झालं का मशीन?"

"होतच आलंय."

"म्हणजे आता तुम्ही निघाल."

मिस्त्रींनी वर पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"आमचे हे अजून आले नाहीत," ती म्हणाली. "माणूस चांगला आहे हो, पण वेळेचं भान नाही. एकटीला घर खायला उठतं. तुमचं आणखी थोडं काम असतं, तर बरं झालं असतं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. घट्ट बसवलेला स्क्रू त्यांनी उलटा फिरवून बाहेर काढला, मग त्याच्या शेजारचा काढला, सुई काढली, शटल काढली आणि एकेक वस्तू टेबलावर ओळीने मांडली.

"बराच वेळ लागेल बाई," ते म्हणाले.

"लागू दे," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून समोर बसली.