डोळे मिटून पार केलेला घाट

कुलूपवाल्याने मोटरसायकलवरून अख्खा घाट डोळे मिटून पार केला, हे सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. पण टायर चढेपर्यंत या टायरच्या दुकानातून कुणाची सुटका आहे? रिमवर टायर बसायला वेळ लागतो, तेवढ्यात गोष्ट आरामात बसते. तर ऐका. आणि दाराशी हेल्मेट मांडीवर घेऊन जे कुणी बसलंय, त्यांनी आत्तापासून हसू नये.

कुलूपवाला म्हणजे हातात कसब असलेला माणूस. कुलपाला कान लावायचा, डोळे मिटायचा, आणि आतल्या खिट्ट्या एकेक करून त्याच्याशी बोलायला लागायच्या. एकदा तर तो नुसता जिना चढत होता, आणि तेवढ्याच धाकाने वरच्या मजल्यावरचं कुलूप गळून पडलं. अशा माणसाच्या हातून जन्मात एकच कुलूप उघडलं नाही, आणि ते नेमकं त्याने स्वतः बनवलेलं होतं. त्याच्या मोटरसायकलला, म्हणजे लांब पल्ल्याची ती भलीमोठी जड गाडी, तिला मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या होत्या. डाव्या पेटीला त्याने चोराच्या बापालाही उघडता येणार नाही असं कुलूप बसवलं, आणि किल्ली हरवली. फोडून टाका म्हणून बायकोने शंभरदा सांगितलं. पण कुलूपवाल्याने स्वतःचं कुलूप फोडायचं म्हणजे स्वतःच्याच दुकानावर दगड मारायचा. तेव्हा डावी पेटी राहिली रिकामी, आणि सगळं सामान जायचं उजव्या पेटीत. अवजारं, कपडे, डब्बा, आणि सगळ्यांच्या तळाशी एक छोटी ऐरण.

त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, कधी कधी कुलूपवालाही. बाई दरवर्षी घाटापलीकडचं तळं फळ्यावर निळ्या खडूने काढायच्या. कुठून पाणी येतं, कुठे जातं, किती खोल आहे, सगळं तोंडपाठ. नोकरीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, बाई, त्या पाण्याचा रंग खरा कसा आहे हो? बाईंना ठाऊक होता तो खडूचा रंग. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पर्स खुंटीला लावायच्या आधी जाहीर केलं, की तळं बघायचं म्हणजे बघायचंच. लांबून नाही, चित्रात नाही. काठावर उभं राहून.

आता तळं बघायला घाट ओलांडायला हवा, आणि घाटाशी कुलूपवाल्याचं घोडं दर वेळी अडायचं. त्याच्या गाडीचे टायर सरळ रस्त्यावर पळून पळून मधोमध सपाट झाले होते. सरळ रस्त्यावर गाडी निमूट चालायची, पण वळण आलं की आडमुठी व्हायची. तिला कलवायचं म्हणजे टेबल कडेवर उभं करायचं. कुलूपवाला खांद्याने, कोपराने, दातओठ खाऊन तिला ढकलायचा, तेव्हा ती एकदम धप्पकन कलायची आणि पुन्हा तेवढ्याच रागाने सरळ व्हायची. तिसऱ्या वळणाला त्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागायच्या, आणि मग त्याला आभाळ भरल्यासारखं वाटायचं, नाहीतर इंजिन खोकल्यासारखं, नाहीतर पोटात भूक उठल्यासारखी. बाई मागे बसून म्हणायच्या, मागच्या वेळी आभाळ होतं, या वेळी भूक, पुढच्या वेळचं आधीच सांगून ठेवा. आणि गाडी परत.

त्यातून ती गाडी सदान्कदा उजवीकडे ओढायची. उजवी बाजू जास्त झिजलेली. म्हणून बाई मागच्या सीटवर नकळत डावीकडे कलून बसायला लागल्या. ही सवय अंगात इतकी मुरली, की त्या फळ्यावर लिहायच्या ते डावीकडे उतरत जायचं. घरातल्या सगळ्या तसबिरी त्यांनी लावलेल्या, सगळ्या डावीकडे झुकलेल्या. पाहुणे जिना उतरताना डाव्या भिंतीला घासत उतरायचे. मांजर त्यांच्या मांडीवर झोपायचं ते पंजे रोवून, घसरू नये म्हणून.

तर बाईंनी चंग बांधला. त्यांच्या धाकट्या भावाचं, सगळ्यांच्या भाऊचं, हे टायरचं दुकान. कुलूपवाला दुपारचा झोपलेला असताना गाडी ढकलत ढकलत त्या तिथे घेऊन गेल्या. भाऊने मागच्या चाकावरून हात फिरवला आणि भावोजींना निरोप धाडला, की हे चाक आहे की टेबल ते आधी कळवा, यावर चहाचा कप ठेवला तर सांडणार नाही. कुलूपवाला तणतणत आला. एकच टायर बदल म्हणाला, पुढचा अजून चालेल. भाऊने ऐकलं नाही. एक नवा आणि एक जुना म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल, सरळ चालताना चालेल, वळताना तोंडावर पडाल. दोन्ही बदलले. मग भाऊने बजावलं, की नव्या रबराची साल गुळगुळीत असते, ती घासून जाईपर्यंत जपून चालवायचं, आणि दोन माणसं बसणार असतील तर हवा जास्त भरायची.

पेट्या काढलेल्याच होत्या. कुलूपवाला तसाच एकटा एक चक्कर मारून आला, आणि आला तो चेहऱ्यावर दिवाळखोर माणसाला खजिना सापडल्याचं हसू घेऊन. गाडी सुतासारखी सरळ! मग पेट्या चढल्या, बाई मागे बसल्या, आणि गाडी निघाली ती थेट डावीकडे, भाजीवाल्याच्या हातगाडीच्या दिशेने. पुन्हा केलं, पुन्हा डावीकडे. भाऊ रस्त्यात उभा राहून बघत होता. म्हणाला, ताई, तू तिरकी बसतेस.

कुलूपवाल्याला तर उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं सगळं खापर त्याच्यावर फुटत होतं, आता कळलं सगळ्यांना, की गाडी सरळ आणि बायको तिरकी. त्याच भरात तो बोलून गेला, की बाईंनी घरीच थांबावं हे उत्तम. तो एकटा जाईल, तळं बघेल आणि रंग सांगेल.

बाईंनी हेल्मेट काढलं, तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं.

“सांगून रंग कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभर मी तेच केलं.”

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. बाई स्टुलावर बसायच्या, पाठ भिंतीला न टेकता, दोन्ही तळहातांवर पाण्याने काठोकाठ भरलेले पेले. डावीकडचा सांडला की फरशी पुसायची आणि पुन्हा बसायचं. फरशी इतक्या वेळा पुसली गेली, की खालच्या मजल्यावरच्यांना छताची चमक दिसू लागली. पण पाणी सांडायचं थांबलं. मग त्यांनी घरभर फिरून तसबिरी सरळ केल्या. मांजर सवयीने पंजे रोवून झोपलं आणि उजव्या बाजूने खाली पडलं, ते दोन दिवस घरी आलं नाही.

मग बाई गाडीवर बसल्या, ताठ, ओळंबा लावल्यासारख्या. आणि गाडी निघाली उजवीकडे.

आता तू उजवीकडे कलतेस, कुलूपवाला म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या आणि विचार करत उभ्या राहिल्या. एकटा गेला होता तेव्हा पेट्या नव्हत्या. आत्ता आहेत. त्यांनी सरळ उजवी पेटी उघडली, कपडे काढले, डब्बा काढला आणि तळाशी हात घातला.

“हे काय?”

“ऐरण.”

“कशाला?”

“लागली तर.”

“कधी लागली?”

कुलूपवाल्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “अजून नाही,” तो म्हणाला.

बाईंनी दोन्ही हातांनी ऐरण उचलली आणि छातीशी धरून दुकानापर्यंत चालत आणली. भाऊने तिला लगेच काम दिलं. ती बघा, दाराला टेकवून ठेवलीय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. गोष्ट खोटी वाटत असेल तर उचलून बघा, म्हणजे ती गाडी उजवीकडे का ओढायची ते कळेल. उरलेलं सामान मागच्या सीटच्या पाठीशी बरोबर मध्ये बांधलं, आणि गाडी सरळ चालली. हँडलवरचा हात सैल सोडला तरी सरळ.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. कुलूपवाल्यालाही वाटलं. पण शहराबाहेरच्या पहिल्याच वळणावर त्याने नेहमीसारखी सगळी ताकद लावून गाडी ढकलली. बंद समजून दाराला खांद्याने धक्का द्यावा आणि दार उघडंच निघावं, तसं झालं. नवा टायर गोल, तो सहज कलला, जरा जास्तच सहज, आणि दोघंही झुडपात. कुणाला काही लागलं नाही, झुडूप तेवढं मेलं. अंगातले काटे काढता काढता कुलूपवाला म्हणाला, हे टायर घातकी आहेत, जुनेच बरे होते, ते भाऊने फेकले नसतील तर परत चढवू.

“टायर बदललेत,” बाई म्हणाल्या. “आता हात बदला.”

मग रोज सकाळी शाळेचं मोठं मैदान. बाईंनी खडूने आठाचा आकडा काढून दिला, त्यावरून गाडी फिरवायची. हलकेच हँडल दाबायचं, नजर पुढे ठेवायची, बाकीचं टायर करतो. पण कुलूपवाल्याच्या हातांना वर्षानुवर्षांची कुस्ती ठाऊक, हलकेच ठाऊक नाही. वळण दिसलं की हात आपोआप झटापटीला तयार. आठाचा आकडा त्याच्याकडून काही निघेना, निघायचं ते भलतंच. बाई कडेला उभ्या राहून बघायच्या. त्या आयुष्यभर शाळेला स्वतःच्या स्कूटरवरून गेलेल्या, त्यांच्या हातांची या गाडीशी कधी भांडणं झाली नव्हती, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं. त्यांनीही मैदानात काही फेऱ्या मारल्या. किती मारल्या, आठ कसा निघाला, टायरची साल दोन्ही कडांपर्यंत कुणी घासली, याचा आपल्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. दाराशी खोकू नये.

मुद्दा हा, की कुलूपवाल्याने युक्ती काढली. वळण दिसतं म्हणून हात बिथरतात. दिसलंच नाही तर? कुलूप तरी तो कुठे डोळ्यांनी उघडायचा? तेव्हा घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर त्याने काय तडजोड करायची ती स्वतःच्या मनाशी केली, एक लांब श्वास घेतला आणि डोळे गच्च मिटले.

आणि काय सांगू तुम्हाला! पहिलं वळण आलं, गाडी कलली ती पाणी उतारावर वळावं तशी. झटका नाही, धप्पकन नाही. दुसरं वळण, पहिल्यापेक्षा मऊ. टायर रस्त्याशी बोलत होता आणि कुलूपवाला कान देऊन ऐकत होता. इथे खडी, इथे ओल, इथे नवं डांबर. खिट्ट्या एकेक करून सरकत होत्या. तिसरं वळण कधी मागे पडलं कळलंही नाही, आणि त्या दिवशी आभाळ भरलं नाही, भूक लागली नाही. दरी डाव्या हाताला होती म्हणतात, त्याने काही पाहिली नाही. वरचा वारा गार, नाकाला घासणारं जाकिटाचं चामडं गार, पण माणूस डगमगला नाही. एकदा एक ट्रक भोंगा वाजवत अगदी अंगाजवळून गेला, तेव्हासुद्धा पापणी हलली नाही. सगळा घाट त्याने एका दमात उघडला, वरपासून खालपर्यंत, जगातलं सगळ्यात मोठं कुलूप.

गाडी थांबली तेव्हा त्याने डोळे उघडले. समोर तळं. बाई आधीच काठावर पोचल्या होत्या, बुटांसकट घोटाभर पाण्यात. बराच वेळ त्यांनी नुसतं बघितलं, मग ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं. पाणी हिरवं होतं, मधोमध जवळजवळ काळं, आणि काठाला चहासारखं तपकिरी. निळं कुठेच नव्हतं.

“इतक्या पोरांना मी निळं शिकवलं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी हात पुसले, आणि परत गेल्यावर त्या मुलीचं घर शोधून काढायचं, हे तिथेच ठरवून टाकलं.

तर अशी गोष्ट आहे. दोन माणसं, भरलेली गाडी, नवे कोरे टायर, आणि एवढा अवघड घाट डोळे मिटून चालवत नेणारा एकच मर्द आजवर…

दाराशी बसलेल्या बाईंनी मांडीवरचं हेल्मेट उचलून ऐरणीवर ठेवलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हँडल जर तुमच्या हातात होतं, तर नाकाला जाकीट कुणाचं घासत होतं?”