आज्जीतला अर्धा ज

वेलांटीकाकांना केकच्या दुकानातली नोकरी मिळाली ती भांडणातून.

चाळीस वर्षं ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. इतरांनी लिहायचं आणि यांनी लाल पेनानं चुका काढायच्या, हा धंदा. वेलांटीकाका हे नाव छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलं आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. निवृत्तीनंतर नोकरी सुटली, पेन काही सुटलं नाही. बायकोच्या वाणसामानाच्या यादीत त्यांनी ‘पिठ’ खोडून ‘पीठ’ केलं, तेव्हा ती म्हणाली, “पहिली वेलांटी दिली म्हणून दुकानदार कमी तोलणार आहे का? कुठे तरी बाहेर जाऊन बसा दोन तास.”

ते बाहेर पडले, पाव घ्यायला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले आणि काचेतल्या केकवर ‘वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा’ बघून जागच्या जागी थांबले. एका ओळीत दोन चुका! त्यांनी मालकीणबाईंना चांगलं सुनावलं. मालकीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, पण तोंडानं खमक्या. “एवढं येतंय तर तुम्हीच लिहा की, काका,” त्या म्हणाल्या. तो टोमणा होता. काकांनी तो आमंत्रण समजून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला हजर झाले.

चार ते सहा, आठवड्यातून चार दिवस. पिशवीत क्रीम भरायचं, मनगट स्थिर ठेवायचं आणि हळूच दाबायचं. आठवडाभर त्यांचे काने विळ्यासारखे वाकडे येत होते, मग सरळ झाले. काकांना विलक्षण आनंद होत होता. उभा जन्म दुसऱ्यांची अक्षरं खोडण्यात गेला होता. स्वतःचं अक्षर काढायला आता कुठे मिळत होतं. मुलानं फोनवर विचारलं, “बाबा, तुम्हाला काय कमी आहे?” काका म्हणाले, “मजा कमी होती.”

पण जित्याची खोड. एका गृहस्थानं बायकोसाठी ‘तुझाच येडू’ लिहायला सांगितलं होतं. काकांनी ‘तुझाच वेडा’ लिहिलं. बायकोनं घरी विचारलं, हा वेडा कोण? गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तासभर बोलला. तो गेल्यावर मालकीणबाईंनी काकांना समोर बसवलं.

“काका, चिठ्ठीवर असेल ते लिहायचं. चूक असली तरी. पुन्हा तक्रार आली तर मला तुम्हाला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही.”

“नाही येणार तक्रार,” काका म्हणाले. त्या दिवसापासून ते डोळ्यांत तेल घालून लिहू लागले. ‘शुभेच्छ्या’ लिहिताना जीव कासावीस व्हायचा, पण लिहायचे.

महिनाभर सुरळीत गेला. मग एका संध्याकाळी चष्मा लावलेली एक बाई केक न्यायला आली. खोका उघडून बघितला आणि तिचा चेहरा पडला.

“आजी लिहिलंय. मी आज्जी सांगितलं होतं.”

काकांनी चिठ्ठी बघितली. ‘आज्जी, ऐंशी पूर्ण’. केकवर ‘आजी’. अर्धा ज त्यांच्या हातानं परस्पर गाळला होता. डोळ्यांना पत्ताच नव्हता.

“नियमानं आजीच बरोबर आहे,” काकांच्या तोंडून निघून गेलं.

“असेल हो. पण बाबांची आई म्हणजे आजी. ती गेल्या वर्षी गेली. ही आईची आई, आज्जी. आता आमच्याकडेच राहते. हा केक मी तिच्यापुढे कसा ठेवू?”

तक्रार आली होती, तीही मालकीणबाईंच्या समोर. खरवडावं तर खालचा गुळगुळीत थर फाटणार. नवा केक करायला वेळ नाही, घरी पाहुणे येऊन बसलेले. ओळ तर काकांनी इतकी नीट मधोमध बसवली होती, की ‘आ’ आणि ‘जी’मध्ये मुंगीही शिरली नसती.

काकांनी क्रीमची पिशवी उचलली. त्या दोन अक्षरांच्या मध्ये, ओळीखाली, त्यांनी एक छोटं टोकदार चिन्ह काढलं. आणि बरोबर त्याच्यावर, ओळीच्या डोक्यावर, अर्धा ज.

“हे काय?” बाईनं विचारलं.

“हंसपद. राहिलेलं अक्षर आत घ्यायची खूण. चूक माझी होती, म्हणून दुरुस्तीही दिसू दे.”

बाईला ते पटलं नव्हतं, पण घड्याळ थांबत नव्हतं. खोका घेऊन ती गेली. काकांनी एप्रन काढला, चौकोनी घडी केली आणि कपाटात न ठेवता गल्ल्याशेजारी ठेवला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजल्यात,” ती म्हणाली. “एक तुमची निघाली तर आभाळ कोसळलं का?” काका हसले नाहीत. त्यांना त्या दुकानात परत जायचं होतं, फार जायचं होतं, आणि हे बोलून दाखवायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ते चारला गेले, निरोप घ्यायला म्हणून. चष्मेवाली बाई तिथे बसली होती. काकांनी मान खाली घातली.

“आज्जीनं पाठवलंय,” ती म्हणाली. “सगळा केक कापू दिला, तेवढा खुणेचा तुकडा सोडून. तो अजून फ्रीजमध्ये आहे. आम्हाला वाटलं रागावली. तर म्हणते कशी, ज्यानं कोणी लिहिलंय त्याला सांगा, मी या घरात अशीच आले. ओळ लिहून झाल्यावर. जागा नव्हती, तरी यांनी मला मध्ये घेतलं.”

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तरी समोरचं नीट दिसेना.

मालकीणबाईंनी गल्ल्याशेजारची घडी उचलून त्यांच्या हातात दिली. “तीन केक थांबलेत, काका. आणि पहिल्यात ‘शुभेच्छ्या’ आहे.”

“असू दे,” काका म्हणाले, आणि एप्रनची गाठ मारायला लागले.