वनमातेसमोरचा माइक

मी माइक बोलतोय. शपथेवर सांगतो, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. माझा जन्म जर्मनीत झाला, एका बर्फाळ गावात, आणि पहिला आवाज मी ऐकला तो चर्चच्या घंटेचा.

बरं, जर्मनीत नाही. खोका जर्मन होता. मला भोसरीतल्या एका शेडमध्ये जोडलं आणि पहिला आवाज ऐकला तो, "अरे, स्क्रू कुठे गेला?" पण शपथ मोडली असं समजू नका. ती पुढच्या भागासाठी होती.

गेली बरीच वर्षं मी सदाशिव पेठेत आहे. एका इमारतीच्या तळमजल्यावर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत. इथे परदेशी सिनेमे मराठी बोलायला शिकतात. पडद्यावरची माणसं ओठ हलवतात आणि आमची माणसं त्या ओठांत मराठी शब्द बसवतात. एसीची घरघर मला लगेच ऐकू येते, म्हणून टेकच्या वेळी एसी बंद; मग माणूस गुदमरू नये म्हणून वरचा झरोका उघडा. अशी आमची रीत. सगळा घोळ त्या झरोक्यातूनच आत आला.

एक ध्यानात घ्या. माझं तोंड कलाकाराकडे आणि पडदा माझ्या पाठीमागे. शेकड्यांनी सिनेमे केले, पाहिला एकही नाही. आणि हा तर म्हणे डोळे दिपवणारा. यातली झाडं अंधारात निळी चमकतात, देवमासे ढगांतून पोहतात, धबधबा खालून वर चढतो. जो येतो तो म्हणतो, "आई शप्पथ, काय दिसतंय!"

मला काय ऐकू येतं? "पळा!" "सांभाळ!" "तो बघ, तो बघ!" आणि अधूनमधून कुणीतरी धावता धावता थांबतो आणि म्हणतो, "निसर्ग वाचला तर आपण वाचू." की पुन्हा "पळा!" चित्र काढून घेतलं, तर शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि त्यांच्यासमोरून धावणारी मुलं, एवढंच उरतं.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं कुसुमताईंनी. पन्नाशीच्या, नाटकात मुरलेल्या. या सिनेमातल्या वनमातेचा आवाज त्यांचा. काचेपलीकडे सलिल, स्टुडिओचा मालक, दिग्दर्शक आणि चहा सांगणारा, तिन्ही एकच.

"सलिल, या बाईला नाव काय?"

"वनमाता, ताई."

"ते पद झालं. नाव?"

"नाव नाही दिलेलं."

"हिला आवडतं काय?"

"जंगल."

"आणि?"

"जंगल वाचवणं."

"अख्ख्या सिनेमात ही एकालाही 'जेवलास का' विचारत नाही रे. कसली माता!"

"ताई, प्रेक्षक देवमासे बघायला येणार आहेत."

"मग देवमाशांनाच बोलायला लाव."

हसलो आम्ही. पण ते हसणं फार टिकलं नाही, कारण त्याच सकाळी सिनेमाच्या कंपनीचा निरोप आला. वनमातेचं मुख्य दृश्य आज दुपारपर्यंत पाठवा. पसंत पडलं तर उरलेलं काम तुमचं. नाही पडलं तर सगळे आवाज यंत्राकडून करून घेऊ.

मला धडधडायला लागलं. माइकला छाती नसते, ठाऊक आहे मला; तरी धडधडलं. यंत्राला घसा नाही, त्याला खोकला येत नाही. ते तोंडच उघडत नाही, तर समोर माइक हवा कशाला? आणि कुसुमताई? गेल्या वर्षापासून नाटकवाले बोलावत नव्हते. घर याच आवाजावर चाललं होतं, हे त्या कुणाला सांगत नसत. मला ऐकू यायचं. टेक सुरू व्हायच्या आधी त्या जो श्वास घेत, त्यात ते असायचं.

दृश्य असं: जंगल तोडायला लोखंडी यंत्रं येतात. वनमाता झाडापुढे उभी राहते, हात पसरते आणि म्हणते, "थांबा! हे वन म्हणजे आमची माता आहे!"

पहिला टेक. ताईंनी जीव ओतला. आणि झरोक्यातून आलं, टुक, टुक, टुक, टुक.

"तांबट आहे," सलिल कपाळाला हात लावून म्हणाला. बाहेर शेवग्याच्या एका वाळक्या फांदीला ढोली आहे, त्यात या हिरव्या पाखराचं बिऱ्हाड. एकदा सुरू झालं की तांब्याचं भांडं ठोकावं तसं एका तालात ठोकत राहतं.

दुसरा टेक. "हे वन म्हणजे" टुक "आमची" टुक "माता" टुक.

झरोका बंद करून पाहिला. ताईंना घेरी यायला लागली. सलिलने अंगणात जाऊन टाळ्या वाजवल्या, ताट बडवलं, बादलीभर पाणी उडवलं. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "ग्रहण लागलंय का?" पाखरू मिनिटभर गप्प बसलं आणि नव्या जोमाने सुरू झालं. एवढा वेळ गेला, की माझी जाळी घामेजली. बरं, घाम ताईंचा होता. पण माझ्यावरच उडाला ना?

शेवटी सलिलने भैरूला बोलावलं. पेठेतली झाडं छाटणारा भैरू, धायरीचा. झरोक्यातून मला त्याचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

"फांदी वाळकीच हाय, सायेब. एका घावात यील. पर ढोलीत पाखरू हाय."

"शेवगा दरवर्षी छाटतातच की."

"छाटत्यात. म्या कुटं न्हाई म्हंतो? कापू म्हना, कापतो."

सलिल आत आला. काचेला नाक लावून म्हणाला, "ताई, तासभर राहिलाय. तुम्हीच सांगा काय करू."

आता ऐका. कुसुमताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग झरोक्याकडे. बाहेर भैरूने कोयता उचलल्याचा खण्ण आवाज आला. आणि ताई माझ्या तोंडाजवळ येऊन अशा ओरडल्या, की माझी तार तापली. "थांब रे भैरू! पोरंबाळं आहेत तिथे कुणाची तरी! हात लावशील तर याद राख!" टेक चालू होता. ते ओरडणं वनमातेच्या ओठांवर असं बसलं, जणू ती बाई जन्मापासून मराठीच बोलत होती. मागे टुक टुक चालूच. कंपनी म्हणाली, हीच वनमाता, हेच जंगल. फांदी राहिली, पाखरू राहिलं, काम राहिलं.

आवडलं ना? मलाही आवडतं. रोज मनातल्या मनात ऐकतो.

झालं ते असं. कुसुमताईंनी गरम पाण्याचा घोट घेतला, पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "लवकर काप म्हणावं. माझा घसा बसतोय."

एक घाव. मग काहीतरी हलकं खाली पडल्याचा आवाज. मग शांतता, इतकी स्वच्छ, की सलिलने अंगठा वर केला. ताई बोलल्या, "थांबा! हे वन म्हणजे आमची माता आहे!" एका टेकमध्ये. एक अक्षर इकडेतिकडे नाही.

दुपारी सलिल नाचतच आला. "ताई, पसंत! सगळं काम आपल्याकडे!"

ताईंनी कानावरचा हेडफोन काढला नव्हता. त्यांनी विचारलं, "पिल्लं होती का रे?"

"विचारलं नाही," सलिल म्हणाला.

मी अजून स्टँडवर आहे. जाळीला जरा पोचा पडलाय, पण काम चालू आहे. झरोका उघडाच असतो. टेक भराभर होतात. देवमासे आता चित्रगृहात पोहतायत. जाल तेव्हा बघा, खुशाल बघा, दिसतं म्हणे अप्रतिम. फक्त वनमाता हात पसरेल तेव्हा क्षणभर डोळे मिटा, आणि तिच्या वाक्यामागे काय ऐकू येतं ते ऐका.

ते "थांब रे भैरू" तेवढं मी रचलं. बाकी सगळं खरं आहे. आतबाहेर मिळून बोलती माणसं तीन होती, आणि थांब म्हणायला कुणीच नव्हतं. माझ्या अंगाला बोलायचं बटण असतं, तर मी म्हटलं असतं.