माझी मागची बाजू

मित्रांनो, कॅनडातल्या सॅस्काटून शहरातल्या एका तळघरातल्या स्टुडिओचा मी म्हातारा माइक, आणि सध्या मी भयंकर वैतागलेलो आहे. मला पुढून आणि मागून, दोन्हीकडून सारखेच ऐकू येते. म्हणून तर मार्नी आणि डेल ही जोडी माझ्या दोन बाजूंना समोरासमोर उभी राहून गायची. डेल लसूण घातलेली सॉसेजेस खाऊन यायचा आणि तो वास माझ्या जाळीत रेंगाळायचा. मी कधी कुरकुर केली नाही. त्यांची गाणी रेडिओवर गाजत होती, तेव्हा स्टुडिओचा मालक लॉर्न मला मऊ फडक्याने पुसायचा.

मग दोघांचे फाटले. पोस्टरवर नाव कोणाचे वर, एवढ्यावरून! मी पेटीत धूळ खात पडलो.

यंदा कळले की दोघे पुन्हा एकत्र अल्बम करणार. मी हरखून गेलो. पण कसले एकत्र? मार्नी सोमवारी यायची, डेल गुरुवारी. एकमेकांचे तोंड बघायचे नव्हते. माझी मागची बाजू कायम भिंतीकडे.

त्यात शेवटच्या गाण्याला लॉर्नने अतिशहाणपणा केला. मार्नी प्रत्येक ओळीआधी नाकाने जोरात श्वास घेते. ती घरघर त्याने संगणकावर कापून टाकली. गुरुवारी डेल हेडफोन लावून तिच्या आवाजाबरोबर गाऊ लागला आणि प्रत्येक ओळीला मागे पडला. अरे, हा माणूस आयुष्यभर तिचा श्वास ऐकूनच तोंड उघडत आला आहे! मला ठाऊक होते, पण मी फक्त ऐकू शकतो. नुसता जळफळत राहिलो.

"वय झालं तुझं, डेल," लॉर्न म्हणाला.

"वय तुझ्या कानांचं झालंय! ही बाई श्वासच घेत नाहीये. भुताबरोबर गाऊ का मी?"

"ती घरघर होय? काढली मी."

"मग परत घाल!"

"कचरा कोण जपून ठेवतं?"

डेलने हेडफोन आपटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मार्नीला फोन लावला. ती बर्फाने भरलेल्या बुटांनिशी तणतणत आली.

"पोस्टरवर माझं नाव खाली चाललं तुला, आणि आता माझं नाक हवंय होय रे?"

"आधी बूट काढ, मग भांड."

नुसत्या मोज्यांवर दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. माफी कोणीच मागितली नाही. मार्नीने नाकाने श्वास ओढला, आणि डेलचा आवाज बरोबर तिच्यासोबत उठला. मला रडू आले.

"बाकीची गाणीही अशीच गाऊ या का?" मार्नीने हळूच विचारले.

"उद्या सगळं छापायला पाठवायचंय," लॉर्न म्हणाला. दोघांनीही बूट चढवायला घेतले. एकाने तरी हट्ट धरायचा!

आता अल्बमवर दोघांची नावे शेजारी-शेजारी छापली आहेत. पण ते एक गाणे सोडले, तर त्या अल्बममध्ये मार्नी अजूनही सोमवारीच गाते आणि डेल गुरुवारी. मी पुन्हा पेटीत आहे. मित्रांनो, कुणाबरोबर गायचे असेल, तर वेळेवर एका खोलीत या. आणि माझी मागची बाजू भिंतीकडे करू नका.