सुमाकची बरणी, माझी सवत

मित्रांनो, मी एक जुनी मीठदाणी आहे. अजलूनच्या डोंगरात एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फांदी मोडली, तिच्यातून माझा जन्म झाला. माझे आजचे धनी अबू गालिब, त्यांच्या वडिलांनी तीन दिवस बसून मला कोरले, तेल लावून घासले आणि म्हणाले, "अल्लाहच्या कृपेनं हिच्याभोवती सदा माणसं जेवत राहोत."

जेवली की. चाळीस वर्षे जेवली. आमच्याकडे रोटीचा तुकडा मिठात बुडवून दोघांनी खाल्ला, की ती दोस्ती मरेपर्यंत मोडायची नसते. किती भांडणे माझ्या काठाशी मिटली, गणती नाही. सगळे मिळून जेवायच्या मोठ्या ताटाच्या मधोमध मी बसत असे आणि खरे सांगते, मला गर्व झाला होता.

अबू गालिब आमच्या गावाचे गायक. पैगंबरांच्या जन्मदिवशी डफ घेऊन ते स्तुतीचे बोल गाऊ लागले, की म्हाताऱ्यांच्या दाढ्या आसवांनी भिजत. गेल्या वर्षी ऐन कडव्याच्या मध्यावर त्यांचे डोके गरगरले आणि ते खाली बसले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा मोजला. रक्तदाब, एकशे नव्वदावर एकशे दहा. रोज गोळी, रोज चालणे, सिगारेट बंद आणि मीठ अगदी कमी. ऐकले नाही तर पुढच्या खेपेला उठणार नाही, असे त्यांनी स्पष्टच सांगितले.

त्यांच्या पत्नी उम्म गालिब यांनी त्याच दिवशी मला उचलून वरच्या फळीवर, कॉफीच्या भांड्यांमागे ठेवले. माझ्या जागी आली सुमाकची बरणी. डोंगरातल्या झुडपाच्या फळांची आंबट, लालभडक पूड. नटवी मेली. सवत म्हणजे काय असते, ते मला तेव्हा कळले. खारे चीज चार पाण्यांतून काढून ताटात येऊ लागले, जैतुनाची फळे धुऊन वाढली जाऊ लागली, वर लिंबू, लसूण आणि ही बया.

पहिल्याच घासाला अबू गालिबनी हात थांबवला. "हे जेवण आहे की दवाखान्याची शिक्षा?"

"दवाखान्याची शिक्षा वेगळी असते," उम्म गालिब म्हणाल्या. "तिथं मी पिशवी घेऊन भेटायला येते."

ते तोंड वाकडे करत जेवले. उद्या तरी तिला फेकतील, म्हणून मी वरून आस लावून होते. पण दोन महिन्यांत त्यांच्या जिभेला तिचीच गोडी लागली. मी आतल्या आत ओल धरून गोळा झाले.

मग एके दुपारी हाजी दव्वास आले. लहानपणापासून अबू गालिबना गाण्यात साथ करणारे, पण शेताच्या बांधावरून चार वर्षे अबोला धरलेले. दोस्त आजारी आहे हे ऐकून त्यांनी स्वतःहून उंबरा ओलांडला. गळाभेट झाली, डोळे पुसून झाले, ताट आले. हाजींनी एक घास घेतला आणि हात आखडला. जेवणात मीठच नाही, ताटात मीठदाणी नाही. आमच्याकडे याचा अर्थ एकच, यजमानाचे मन अजून साफ नाही.

"रोटी दिलीस, मीठ लपवलंस," असे म्हणत ते उठू लागले.

अबू गालिब लगबगीने फळीकडे आले. त्यांनी मला काढले, धूळ फुंकली, बरणी कोपराने बाजूला सारून मला मधोमध ठेवले. मी फुलून गेले. हाजींनी रोटीचा तुकडा माझ्यात खोल रुतवला आणि पांढराफटक झालेला तो तुकडा दोस्तापुढे धरला. "खा. मग चार वर्षं संपली."

एका तुकड्याने माणूस मरत नाही, मित्रांनो. पण मी एकदा खाली आले की पुन्हा वर जात नाही, हे मला ठाऊक होते आणि उम्म गालिबनाही. अबू गालिबनी तुकडा घेतला, गोळ्यांच्या डबीकडे एकदा पाहिले आणि तो तोंडाकडे नेला. मला ते दिसत होते. तरीही मी पापी मनात म्हणत होते, खा, आणखी खा, दाखवून दे तिला.

उम्म गालिबनी पतीचे मनगट धरले. पाहुण्यांसमोर असे त्यांनी जन्मात केले नव्हते. "हाजी, तुम्हाला ह्यांच्याबरोबर गायचंय, की ह्यांना खांदा द्यायचाय?"

हाजींनी तुकड्यासाठी हात पुढे केला. मग त्यांनी तो परत घेतला, अंगठ्याने मीठ झटकले, पार झटकले. एक खडा उरला. तुकड्याचे दोन भाग करून दोघांनी खाल्ले. नंतर हाजी हळूच म्हणाले, "मलाही डॉक्टरनं हेच सांगितलंय. घरात अजून बोललो नाही."

"मग उद्यापासून दोघं चाला," उम्म गालिब म्हणाल्या आणि बरणी पुन्हा मध्ये सरकवली.

आता पहाटेची नमाज झाली, की दोघे झऱ्यापर्यंत चालत जातात. जाताना बांधावरून भांडतात, येताना गातात. अबू गालिबचा आकडा बराच खाली आला आहे. गोळी मात्र त्यांनी सोडलेली नाही.

मी पुन्हा फळीवर आहे. पाहुणा आला तर चिमटीपुरते झाकण उघडते, एवढेच. बरणीकडे पाहून मी आजही जळते. खोटे कशाला बोलू, वरचा ऐकतो आहे. पण त्या दुपारी मी काय मागत होते, ते आठवले की माझी मलाच भीती वाटते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातल्या ज्या माणसाचा आवाज तुम्हाला अजून पुष्कळ वर्षे ऐकायचा आहे, त्याच्या ताटापासून मला जरा दूर ठेवा. मला वाईट वाटेल. वाटू द्या.