बघितलं तेवढं ठीक

मी एक तपासणी आहे. तीनशे ओळींचा प्रोग्राम, एवढाच माझा देह. शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसात लहान मुलांच्या लसीकरणाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनतं. ते कंटेनर नावाच्या डब्यात भरून क्लस्टरवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरांच्या ताफ्यावर, पाठवतात. झाकण लागण्याआधी मी डब्यात डोकावते. चुकून एखादा पासवर्ड तर चालला नाही ना?

मला भैरवीनं लिहिलं, बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात. तिचा स्वभाव माझ्यात उतरला. घरातून निघताना ती गॅस तीनदा बघते, मी प्रत्येक ओळ तीनदा बघते. संशय आला की अडवते. आणि संशय बहुतेक वेळा खोटा निघतो.

"भैरवी, तुझी आत्याबाई मले काहून अडवून राहिली वं?" शेजारच्या टेबलावरचा रोहित ओरडायचा. "नमुन्याचा पासवर्ड आहे तो. एक-दोन-तीन-चार! चोरून कोणी काय करन?"

"तिले काय समजते, नमुना कोणता अन् खरा कोणता?"

"मंग समजाव ना!"

शेवटी भैरवीनं माझ्यात एक ओळ घातली: 'नमुने' या फोल्डरात बघायचं नाही. ऑफिसात शांतता झाली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. रोज ओरडून मी थकले होते.

एप्रिलमधली दुपार. कूलर घरघरत होता. भैरवी एक बिघाड शोधत होती आणि त्यासाठी नोंदींचा खरा पासवर्ड तिनं एका फाइलीत लिहिला होता. मी अडवणार हे तिला ठाऊक. मला तिनंच तर लिहिलं. म्हणून फाइल 'नमुने'मध्ये ठेवली. पाच मिनिटांपुरती.

तेवढ्यात लेकीच्या पाळणाघरातून कांताबाईंचा फोन. "मिनलचं अंग लय तापलं वं माय. लवकर ये."

बिघाड सापडला होता. भैरवीनं डबा पाठवला, पर्स उचलली आणि पळाली. फाइल काढायची राहिली.

मी त्या फोल्डरच्या दाराशी आले, ती ओळ वाचली आणि पुढं गेले. नेहमीसारखं हिरव्या अक्षरांत लिहिलं, 'सगळं ठीक'.

दुसऱ्या दिवशी क्लस्टर सांभाळणाऱ्या धम्मानंदनं आपला स्क्रीन तिच्याकडं वळवला. "हे काय आहे वं?"

भैरवीनं कालची फाइल ओळखली. "काढून टाकतो लगेच."

"काढलं म्हणजे झालं काय? कालपासून डबा वर आहे. तिथं बाहेरच्या लोकांची ये-जा असते. पासवर्डच बदल."

बारा हजार मुलांची नावं, पत्ते, आयांचे फोन नंबर. त्यात मिनलही. भैरवीनं पासवर्ड बदलला. कुणी नोंदी उघडल्याची खूण धम्मानंदला सापडली नाही. "पण खूण नाही म्हणजे कोणी पाह्यलंच नाही, असं नसते," तो म्हणाला. तिला हेच वाक्य नको होतं.

मग ती माझ्याकडं आली. 'नमुने'ची ओळ तिनं खोडली. जाता जाता तिनं माझी हिरवी अक्षरंही बदलली.

आता मी पुन्हा दिवसभर ओरडते, पुन्हा बहुतेक वेळा खोटं. थकवा आहेच. कंटाळलात तर मला सरळ बंद करा, बाबांनो. पण माझे डोळे झाकून माझ्याच भरवशावर राहू नका.

हल्ली डबा निघताना मी लिहिते, 'बघितलं तेवढं ठीक'. भैरवी ते वाचते, आणि 'नमुने' एकदा स्वतः उघडून बघते.